बिननंबरचा चष्मा: सोलापुरात पहिल्यांदा घेताना

नंबर नसताना चष्मा घालावासा वाटला, तर बिनधास्त घाला. मनगटावर घड्याळ, कानात बाळी, तसा हा चेहऱ्यावरचा दागिना. ऑप्टिकलच्या काउंटरवर दोन मिनिटं फ्रेमा न्याहाळून, मग आवाज खाली आणून "नंबर नाही ओ मला, तरी मिळेल का?" असं विचारणारी पोरंपोरी नेहमी येतात. कुणी कॉलेजात नुकतं पाऊल टाकलेलं असतं, कुणी इंटरव्ह्यूला निघालेलं, कुणाला साखरपुड्याच्या फोटोत वेगळं दिसायचं असतं. मी याच धंद्यात आहे, आणि 'नंबर नाही तर चष्मा कशाला' असं म्हणून गिऱ्हाइकाला ओशाळवाणं करणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. आवड आहे, एवढं कारण पुरतं.

पण ही वस्तू दिवसभर डोळ्यांपुढे राहते, नाकावर आणि कानामागं बसते. म्हणून माझा आग्रह एकच: पैसे काचेवर आणि मापावर घाला. काडीवर छापलेल्या नावावर नको, आणि ते नाव खोटं असेल तर मुळीच नको. आता क्रमानं सांगतो.

१. आधी डोळे तपासून घ्या

शौकाचा चष्मा घ्यायला आलेल्या माणसाला पाव किंवा अर्धा नंबर निघाला, असं पुष्कळदा होतं. त्याला तो कळलेला नसतो, कारण दोन्ही डोळे मिळून काम भागवून नेतात. घरी एक साधी गोष्ट करून बघा. एक डोळा तळव्यानं झाका, पण दाबू नका, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचा. मग दुसरा डोळा झाकून तीच पाटी वाचा. दोन्हींत फरक वाटला, किंवा डोळे बारीक करावे लागले, तर नंबर काढल्याशिवाय फ्रेम निवडायला बसू नका.

नंबर काढताना नुसत्या कॉम्प्युटरच्या आकड्यावर थांबायचं नाही. मशीनचा आकडा ही सुरुवात असते. तक्त्यासमोर बसवून, एकेक काच बदलून, "हे बरं दिसतंय का ते?" असं विचारून झालं की मगच नंबर पक्का होतो. वय चाळिशीच्या आसपास असेल तर जवळचं वाचूनही बघा. शुगर असेल तर फक्त नंबरावर भागत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडून पडदा तपासून घ्यावा लागतो. तेवढं केलंत तर या शौकानं तुमचं भलंच केलं म्हणायचं.

घरातली वडीलधारी एक भीती घालतात, की उगाच चष्मा घातला तर नंबर लागतो. चांगल्या बिननंबरच्या काचेनं नंबर लागत नाही. ती काच उजेड वाकवत नाही, तर डोळ्यावर परिणाम कसला करणार? पण मित्राचा नंबरचा चष्मा 'जरा बघू' म्हणून दिवसभर वापरू नका. डोकं दुखेल, गरगरेल, पायरीचा अंदाज चुकेल. लहान मुलानं वर्गातल्या मैत्रिणीसारखा चष्मा मागितला तर आधी डॉक्टरांकडे न्या. मुलं कधीकधी खरंच दिसत नाही म्हणून मागतात, फक्त त्यांना ते तसं सांगता येत नाही.

२. काडीच्या आतले आकडे वाचा

कुठलीही बऱ्यापैकी फ्रेम उलटी करा. काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ५२, मग छोटा चौकोन, मग १८, मग १४० असं काहीसं लिहिलेलं असतं. हे सगळं मिलिमीटरमध्ये आहे. ५२ म्हणजे एका काचेची रुंदी, १८ म्हणजे दोन काचांमधलं, नाकावर बसणारं अंतर, आणि १४० म्हणजे काडीची लांबी, कानामागच्या बाकासकट. घरी एखादा नीट बसणारा गॉगल असेल तर त्याचे आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. दुकानात गेल्यावर पन्नास फ्रेमा तोंडाला लावत बसण्याचा वेळ वाचतो. ऑनलाइन घेणाऱ्यांना तर हे आकडे हवेतच.

आकडे जुळले तरी चेहऱ्यावर लावून चार गोष्टी बघायच्या. पहिली, बुबुळ काचेच्या साधारण मध्यावर यायला हवं. ते नाकाकडे सरकलेलं दिसलं तर फ्रेम तुमच्यासाठी मोठी आहे. दुसरी, फ्रेमची रुंदी कानशिलांच्या रुंदीइतकी असावी. काड्या बाहेरच्या बाजूला फाकल्या तर फ्रेम लहान, आणि कानशिलापाशी बोट जाईल एवढी फट राहिली तर मोठी. तिसरी, आरशासमोर मोकळेपणानं हसा. गाल वर येऊन फ्रेमला उचलत असतील तर ती फ्रेम सोडा, कितीही आवडली असली तरी. चौथी, पापण्या मिटून उघडा. केस काचेला लागले तर काच रोज तेलकट होणार.

नाक हा आपल्याकडचा मोठा मुद्दा आहे. बाहेरून आलेल्या बऱ्याच जाड फ्रेमांची नाकाची जागा घट्ट ओतलेली असते, ती हलत नाही. नाकाचा पूल सपाट असेल तर अशी फ्रेम घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर येते. असं नाक असणाऱ्यांनी तारेवर बसवलेल्या हलत्या नोजपॅडची फ्रेम घ्यावी. पॅड आतबाहेर करून ती कुठल्याही नाकाला बसवता येते.

३. आकार

गोल चेहऱ्याला चौकोनी, चौकोनी चेहऱ्याला गोल, हा नियम तुम्ही ऐकला असेल. उपयोगी आहे, पण त्याला धरून बसू नका. गांधीजींचा चेहरा लांबट होता की गोल, याचा विचार न करता लोक त्यांचा गोल चष्मा ओळखतात. बाबासाहेबांचा गोल काचांचा चष्माही तसाच. माणूस आणि चष्मा एकमेकांना शोभले की नियम मागं पडतो.

माझा अनुभव विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्यानं भुवयांकडे बघावं. फ्रेमची वरची कड भुवयांच्या रेषेच्या जवळून जाऊ द्या. भुवई पूर्ण झाकली तर चेहऱ्यावरचे भाव हरवतात, कड फार खाली राहिली तर डोळे थकलेले दिसतात. दुसरं, पहिली फ्रेम काळ्या जाड रंगात घेण्याचा मोह होतो. तिच्यापेक्षा तपकिरी, कासवाच्या पाठीसारख्या छटांची किंवा पारदर्शक करडी घ्या. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर ती मऊ दिसते आणि "नंबर लागला की काय ओ?" असं विचारणारेही कमी भेटतात.

लग्नसराईसाठी घेत असाल तर फेट्याचा विचार करा. फेटा बांधल्यावर कानाच्या वरची जागा घट्ट होते, आणि टोकाला जास्त वाकवलेली काडी दुखते. सरळ, पातळ धातूची काडी फेट्याखाली सहज सरकते. सिद्धेश्वर यात्रेत बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा, घालणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. पांढऱ्या शुभ्र बाराबंदीवर बारीक सोनेरी किंवा चंदेरी कड फार देखणी दिसते, जाड काळी फ्रेम तिथं अंगावर येते. इरकलीवर मात्र जाड शीट फ्रेम बायकांना खुलून दिसते.

४. फ्रेम कशाची

दुकानात तुम्हाला शेल, शीट, टीआर, मेटल, सुप्रा, रिमलेस असे शब्द ऐकू येतील. शेल म्हणजे साच्यात ओतलेलं साधं प्लास्टिक, स्वस्त आणि ठिसूळ. शीट म्हणजे ॲसिटेट. कापसाच्या बारीक तंतूंपासून आणि लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या सेल्युलोजची जाड पाटी असते, ती कापून घासून फ्रेम करतात. रंग वरून फासलेला नसतो, पाटीत मुरलेला असतो, म्हणून शीट फ्रेमची कड बारीक निरखली तर रंगाचे थर आतपर्यंत गेलेले दिसतात. शेलमध्ये तसं दिसत नाही. ओळखायची ही एक पक्की खूण. टीआर-९० हे लवचिक नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक. हलकं असतं, वाकवलं तरी परत सरळ होतं. रोज दुचाकीवर हिंडणाऱ्या कॉलेजच्या पोरांना मी डोळे झाकून टीआर देतो. सुप्रा म्हणजे खालची बाजू नायलॉनच्या दोऱ्यानं धरलेली अर्धी फ्रेम, आणि रिमलेस म्हणजे काचेलाच भोकं पाडून काड्या जोडलेली. रिमलेस पहिल्या खेपेला घेऊ नका, ती सांभाळायला हात जपून वापरावा लागतो.

धातूच्या स्वस्त फ्रेमांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. त्यांत निकेल असतं, वरून पातळ मुलामा दिलेला असतो. सोलापुरातल्या उन्हात घाम किती येतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. घामानं मुलामा जातो, आतला धातू कातडीला लागतो, आणि ज्यांना निकेल सोसत नाही त्यांच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना, कानामागं लाल चट्टे उठतात, खाज सुटते. नोजपॅडच्या स्क्रूभोवती हिरवट थर साचलेला दिसला तर तो मळ नसतो. फ्रेमच्या धातूतलं तांबं घामानं गंजत असतं. चट्टे उठले तर मलम लावून तीच फ्रेम घालत राहू नका. टायटॅनियम महाग पडतं, पण कातडी नाजूक असेल तर तेच किंवा शीट-टीआर हा उपाय.

५. काच, खरा खर्च इथे

नवीन फ्रेमला दुकानात जी काच बसवलेली असते, ती वापरायची नसते. आकार टिकावा आणि नाव छापता यावं म्हणून कारखान्यातून तशी पातळ प्लास्टिकची चकती येते, आम्ही तिला डमी म्हणतो. बिननंबरचं गिऱ्हाईक म्हटलं की काही ठिकाणी नाव पुसून हीच डमी 'झिरो नंबर' म्हणून दिली जाते. तिच्यावर कसलंही कोटिंग नसतं, लगेच चरे पडतात, आणि नजर कडेला गेली की चित्र हलतं. दोन तासांत डोळे जड होतात आणि माणूस म्हणतो, मला चष्मा सोसत नाही. चष्मा सोसतो, डमी सोसत नाही. तेव्हा स्पष्ट सांगा: "डमी काढून झिरो नंबरची काच बसवा."

बसवून दिलेली काच कशी आहे हे काउंटरवरच तपासता येतं, आणि प्रत्येकानं तपासावं. फ्रेम हातात धरून हात पुढे लांब करा. एक डोळा मिटा आणि काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड बघा. आता फ्रेम हळूहळू डावीकडे न्या, मग उजवीकडे. खऱ्या बिननंबरच्या काचेत, काचेच्या आतली कड आणि बाहेरची कड एकमेकींना जोडलेलीच राहतात. काचेतली कड फ्रेमबरोबर त्याच दिशेला सरकली तर काचेत उणे नंबर आहे, उलट दिशेला सरकली तर अधिक. फ्रेम घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं किंचित फिरवा; कड तिरकी झाली तर सिलिंडरचा, म्हणजे एकाच दिशेला काम करणारा, नंबर आहे. आणि कड मध्येच कुठं लचकली, थरथरली, तर काच वाईट ओतलेली आहे, ती परत करा. एवढ्याला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि चांगला दुकानदार यावर रागावत नाही.

काच खऱ्या काचेची मागू नका. फुटली तर डोळ्यात जाते. साधी प्लास्टिकची काच रोजच्या वापराला पुरते. दुचाकी चालवणाऱ्यांनी, लहान मुलांनी पॉलीकार्बोनेट घ्यावं. ते सहजासहजी फुटत नाही आणि सूर्याचे अतिनील किरणही स्वतःच अडवतं. चरे मात्र लवकर पडतात, म्हणून त्यावर हार्ड कोटिंग आहे ना हे विचारा.

आता अँटी-ग्लेअर, म्हणजे काचेवरची चमक कमी करणारं कोटिंग. ज्याला नंबर नाही त्यानं कशाला घ्यावं, असं वाटतं. उलट शौकाच्या चष्म्याला ते जास्त हवं. कोटिंग नसलेली साधी प्लास्टिकची काच दोन्ही बाजू मिळून साधारण ८ टक्के उजेड परत फेकते. म्हणजे समोरच्या माणसाला तुमचे डोळे दिसत नाहीत, ट्यूबलाइट दिसते. लग्नाच्या फोटोत फ्लॅश पडला की डोळ्यांच्या जागी दोन पांढरे डाग येतात. चांगलं अँटी-ग्लेअर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आणतं. ओळखायला काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. ट्यूब पांढरीशुभ्र दिसली तर कोटिंग नाही, मंद हिरवी किंवा जांभळट दिसली तर आहे.

ब्लू-कट, म्हणजे निळा उजेड अडवणाऱ्या काचेबद्दल मी गिऱ्हाइकांशी प्रामाणिक बोलतो, मग विक्री कमी झाली तरी चालेल. काउंटरवर निळ्या-जांभळ्या लेसरची पेन्सिल आणि कार्ड घेऊन दाखवतात: साध्या काचेतून किरण गेला, ब्लू-कटमधून अडला. प्रयोग खरा आहे, पण त्यावरून तुमच्या डोळ्यांचा थकवा कमी होईल हे सिद्ध होत नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेनं तोवर झालेल्या चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात ब्लू-कट काचांनी डोळ्यांवरचा ताण साध्या काचांपेक्षा कमी होतो असं आढळलं नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमीही त्या घ्यायला सांगत नाही. स्क्रीनवर डोळे कोरडे पडतात ते पापण्या कमी मिटल्यामुळे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांवर बघायची सवय फुकट आहे. शिवाय ब्लू-कटची काच किंचित पिवळट दिसते, आणि पारदर्शक फ्रेममध्ये ती पिवळट झाक उठून दिसते.

उन्हात आपोआप काळी होणारी काच हवी असेल तर दोन गोष्टी माहीत असू द्या. ती अतिनील किरणांनी काळी होते, त्यामुळे गाडीच्या पुढच्या काचेमागं बसल्यावर फारशी काळी होत नाही. आणि ती गरमीत कमी काळी होते, थंडीत जास्त. आपल्या मे महिन्यात, जेव्हा तिची खरी गरज, तेव्हाच ती जरा फिकी राहते. चाळीस-बेचाळीस अंशांत हिंडायचं असेल तर वेगळा गॉगल घ्या. आणि रंगीत काच घेताना यूव्ही ४००, म्हणजे अतिनील किरण अडवणारी, आहे ना हे विचारा. गडद काचेमागं डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवणारी नसेल तर ते डोळ्यात जास्त जाऊ शकतात. नुसती काळी काच काही नसण्यापेक्षा वाईट ठरू शकते, ती अशी.

६. काडीवरचं नाव

'फर्स्ट कॉपी', 'मास्टर कॉपी' या नावांनी जे विकलं जातं, ते नकली माल आहे. त्याला दुसरा शब्द नको. आणि मला त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. आकार कुणाच्या बापाचा नाही. वैमानिकांसाठी आलेला थेंबाच्या आकाराचा चष्मा १९३० च्या दशकातला, जाड चौकोनी काळी फ्रेम १९५० च्या दशकातली. आज हे आकार शंभर कंपन्या करतात, स्वतःच्या नावानं करतात. ते बिनधास्त घ्या. पण दुसऱ्याचं नाव काडीवर कोरून विकणं हा आपल्या देशात गुन्हा आहे. ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ प्रमाणे असं नाव लावणाऱ्याला आणि विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

मोठ्या नावाचा खरा अर्थही समजून घ्या. फॅशनच्या ज्या नावांसाठी लोक झुरतात, त्यांतली बरीच घराणी चष्मे स्वतः करत नाहीत. इटलीत आगोर्दो या गावी १९६१ मध्ये लक्सोटिका ही कंपनी सुरू झाली. ती प्राडा, व्हर्साचे अशांच्या नावानं परवान्यावर फ्रेमा बनवते. रे-बॅन तर तिनं १९९९ मध्ये विकतच घेतलं, आणि २०१८ मध्ये ती फ्रान्सच्या एसिलोर या काचांच्या कंपनीत मिसळली. म्हणजे वेगवेगळी नावं एकाच छताखालून येतात. खरी फ्रेम चांगली असते, पण किमतीतला मोठा भाग नावाचा असतो. ती परवडत असेल आणि आवडत असेल तर अधिकृत दुकानातून पक्क्या बिलासह घ्या.

खरी-खोटी ओळखायला लोक कोरलेली बारीक अक्षरं बघतात. नक्कल करणारेही आता ती अक्षरं कोरतात. त्यापेक्षा काडीच्या आतला मॉडेल नंबर, रंगाचा कोड आणि माप कंपनीच्या साइटवरच्या त्याच मॉडेलशी ताडून बघा. नकली मालात हे तिन्ही क्वचितच जुळतात. बिजागरी उघडझाप करा. खऱ्या फ्रेमची दोन्ही बाजूंना सारख्या जोरानं चालते, नकलीची एक सैल, एक करकरीत. पण सगळ्यात भरवशाचं म्हणजे बिल. बिल द्यायला दुकानदार कां-कूं करत असेल तर तिथून निघा.

नकली नावाच्या फ्रेमसाठी जे पैसे देता, तेवढ्यात विनानावाची चांगली शीट फ्रेम आणि अँटी-ग्लेअर काच बसते. फास्टट्रॅकसारखी आपली नावं आहेत, लेन्सकार्टचं स्वतःचं व्हिन्सेंट चेस आहे. ते खरं नाव आहे, लपवावं लागत नाही. वर्गात कुणी काडी उलटून वाचली तरी मान खाली जात नाही.

७. कुठून घ्यायचा

जानेवारीत होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो तेव्हा, किंवा एरवी रस्त्याकडेला छत्रीखाली, शंभर-दोनशेत फ्रेम मिळते. रील करायला, एका फोटोपुरती घ्यायला हरकत नाही, पण त्यातली काच काढून टाका. रिकामी फ्रेम घालून फोटो काढला तर चमकही येत नाही. तीच फ्रेम आवडली तर ऑप्टिकलमध्ये नेऊन विचारा, हिच्यात काच बसेल का? शेल फार ठिसूळ असेल तर काच बसवताना तडकेल असं दुकानदार आधीच सांगेल. त्याचं ऐका.

नवी पेठेत तुम्ही आठवडाभर फिरू शकाल एवढं बघायला आहे. रविवारी संध्याकाळी जाऊ नका. गर्दीत कुणी तुमचं माप नीट घेणार नाही. मंगळवार-बुधवारी दुपारी जा. सोबत एकच माणूस न्या, जो खरं बोलतो. चार मैत्रिणी नेल्या तर चार मतं होतात आणि फ्रेम तिसरीच घेतली जाते. फ्रेम लावून फक्त समोरून नाही, बाजूनंही मोबाइलवर फोटो काढायला सांगा, कारण लोक तुम्हाला बाजूनंच जास्त बघतात.

ऑनलाइन घेतलात तर परत करायची मुदत बघा. आणि घेतलेली फ्रेम बसवून घ्यायला कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे जाल तेव्हा त्याला त्याच्या कामाचे पैसे विचारा. तो नको म्हणेल बहुतेक, पण विचारा.

८. बसवून घेणं

हे न करता चष्मा घरी नेऊ नका. शीट फ्रेमची काडी गरम हवेवर किंवा तापवलेल्या बारीक मण्यांत थोडा वेळ धरली की मऊ होते. मग कारागीर अंगठ्यानं कानामागचा बाक ठरवतो, तुमच्या कानाला लावतो, परत काढतो, परत वाकवतो. बाक कानाच्या वरच्या टोकापाशी सुरू झाला पाहिजे. आधीच सुरू झाला तर टोचतो, नंतर झाला तर फ्रेम घसरते. तुमचे दोन्ही कान एका उंचीवर नसतील, बहुतेकांचे नसतात, म्हणून चष्मा टेबलावर सपाट बसला तरी चेहऱ्यावर तिरका दिसतो. कारागिराला चेहऱ्यावर बघून बसवू द्या. शेवटी मान खाली करून डोकं हलवा. पडला नाही आणि नाकावर ठसा उमटला नाही, तर बसला. टीआरची काडी गरम करून फारशी वळत नाही, म्हणून ती फ्रेम घेतानाच माप बरोबर हवं.

पहिले दिवस घरी तासाभरापासून सुरुवात करा. जिना उतरताना कडा डोळ्यांपुढे येतील, ते जातं. कुणी "नंबर किती?" विचारलं तर "नंबर नाही, आवड म्हणून घालतो" असं सरळ सांगा. खोटा नंबर सांगितला की पुढं दहा प्रश्न येतात.

ओळखपत्राच्या फोटोला चष्मा काढा. अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत तर २०१६ पासून चष्मा चालत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळायला जाताना चष्मा घरीच राहू द्या. गुलालाची पूड काचेवर बसते, आणि ती तशीच पुसली की कोटिंग गेलंच.

९. ऊन, धूळ आणि पाणी

आपल्याकडे चष्मा सगळ्यात जास्त खराब होतो तो स्कूटरच्या डिकीत आणि गाडीच्या डॅशबोर्डवर. उन्हात उभ्या गाडीत इतकी गरमी होते की शीट फ्रेम मऊ पडून वाकते. काचेचं प्लास्टिक फुगतं, वरचं कोटिंग तेवढं फुगत नाही, आणि त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा जातात. त्या परत भरून येत नाहीत, काच बदलावीच लागते. गाडी लावलीत की चष्मा डबीत घालून सोबत न्या.

धूळ बसलेली काच शर्टाच्या टोकानं, पदरानं, ओढणीनं पुसू नका. आपल्या टॉवेलचं जगभर नाव आहे, पण काचेसाठी तोही नको. आधी नळाखाली धरून धूळ वाहून जाऊ द्या, मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटांवर घेऊन दोन्ही बाजूंनी, नोजपॅडच्या खालीही चोळा, धुवा, मग मायक्रोफायबरच्या फडक्यानं टिपा. बोअरच्या जड पाण्याचे थेंब काचेवर वाळू देऊ नका, पांढरे डाग पडतात; शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. गरम पाणी नको. नेलपॉलिश काढायचं पाणी शीट फ्रेमला लागलं तर फ्रेम विरघळते, तेव्हा आरशासमोर ते दोन्ही शेजारी ठेवू नका.

दोन-तीन महिन्यांतून एकदा स्क्रू घट्ट करून घ्यायला दुकानात चक्कर मारा, आणि वर्षातून एकदा डोळे पुन्हा तपासा. पुढे कधी नंबर निघाला तर फ्रेम बदलावी लागत नाही. चांगल्या शीट किंवा टीआर फ्रेममधून झिरोची काच काढून त्याच जागी नंबरची बसते. म्हणून घेतानाच्या बिलावर फ्रेमचं मॉडेल आणि माप लिहून घ्या आणि ते बिल डबीत ठेवा.